वाळवंटात लावलेलं घड्याळ

मॉडिफाय केलेल्या गाडीच्या मालकाला 'कितीला पडली?' असं विचारलं तर तो जरा खट्टू होतो. 'किती काढते?' असं विचारलं की मात्र चेहरा खुलतो. मग स्टेज वन, स्टेज टू, डाउनपाइप, इंटरकूलर, चाकावर मिळालेली हॉर्सपॉवर असं सगळं सुरू होतं. तुम्हाला त्यातलं काही कळो न कळो, तो सांगत राहतो. मी स्वतः या मंडळींतला नाही. माझी हॅचबॅक कंपनीने दिली तशीच आहे. पण मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या माणसाचे पाय उघड्या बॉनेटपाशी आपोआप थांबतात, तसे माझेही थांबतात.

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात येते. या लोकांचा अभिमान आकड्याचा असतो. रंग, किंमत, सीटकव्हर हे सगळं नंतर. आणि आकडा म्हटला की तो मोजणारं कोणीतरी लागतं, नाहीतर ती नुसती बढाई. साधी गाडी स्वतःच्या हाताने वेगवान करायची आणि तो वेग चारचौघांसमोर मोजून घ्यायचा, ही पद्धत जगात अनेक ठिकाणी उगवली. पण तिची सगळ्यात ठसठशीत गोष्ट घडली ती दक्षिण कॅलिफोर्नियात, १९३०च्या दशकापासून पुढे. आज आपल्याकडे पोलीस मॉडिफाइड सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतात आणि पोरं त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतात, तेव्हा मला ती गोष्ट आठवते. कारण तिथेही सुरुवात अशीच झाली होती.

पाचशे डॉलरच्या आतलं व्ही-एट

हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी या एकाच गाडीचे दीड कोटींहून जास्त नग विकले. त्यामुळे महामंदीच्या काळात अमेरिकेतल्या भंगारवाल्यांकडे या गाड्यांचे सांगाडे ढिगाने पडलेले असत. ताकद अवघी २० हॉर्सपॉवर, पण पत्रा हलका आणि रचना इतकी सोपी, की पान्हा धरता येणाऱ्या कोणालाही ती उलगडता यावी.

मग १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बाजारात आणलं. व्ही-एट त्याआधीही होतं, पण कॅडिलॅकसारख्या श्रीमंतांच्या गाड्यांत. फोर्डने त्याचा ब्लॉक एकाच ओतकामात बनवला आणि खर्च खाली आणला. इंजिन ३.६ लिटरचं, ताकद ६५ हॉर्सपॉवर, आणि साध्या रोडस्टरची किंमत पाचशे डॉलरच्या आत. आठ सिलिंडर पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. दोन-चार वर्षांत हीच इंजिनं अपघातात मोडलेल्या गाड्यांमधून भंगारातही दिसू लागली आणि विशीतल्या पोरांच्या हाती लागली.

या इंजिनाला 'फ्लॅटहेड' म्हणतात. त्याचे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असतात. म्हणजे हेड हे नुसतं सपाट झाकण. बोल्ट सोडले की ते हातात येतं. मशीनवर त्याचा थोडा थर उतरवला की आतली जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबलं जातं आणि ताकद वाढते. एका कार्ब्युरेटरऐवजी दोन बसवले की इंजिनाला श्वास घ्यायला जागा मिळते. कॅमशाफ्टचा आकार बदलला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. दोषही होताच: जळालेला धूर ब्लॉकच्या आतूनच बाहेर काढावा लागे, त्यामुळे इंजिन तापायचं आणि रेडिएटर उकळायचा. पण दोष असलेलं, स्वस्त आणि सहज उघडता येणारं यंत्र यापेक्षा चांगला शिक्षक कुठला?

कंपनी नेहमी हातचं राखून बनवते. भिकार पेट्रोल, कधीही न बदललेलं ऑइल, डोंगराळ रस्ता, बेफिकीर ड्रायव्हर, या सगळ्यांना पुरेल असं इंजिन तिला द्यावं लागतं. मॉडिफाय करणारा फक्त स्वतःपुरता विचार करतो आणि राखलेलं हातचं बाहेर काढतो. आजच्या टर्बो गाडीच्या रीमॅपमागेही नेमकं हेच तत्त्व आहे.

आटलेलं तळं

वेग वाढवला, पण वापरायचा कुठे? लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मोहावी वाळवंट लागतं. तिथे म्युरॉक, एल मिराज, रोझामंड अशी आटलेली तळी आहेत. हिवाळ्यात त्यांत थोडं पाणी साचतं, वाऱ्याने चिखल सारखा होतो आणि उन्हाळ्यात सारवलेल्या अंगणासारखी टणक, सपाट जमीन मैलोन्‌मैल पसरते.

पोरं रात्रीच शहरातून निघत. तळ्यावर पोचल्यावर गाडीचे मडगार्ड, पुढची काच, दिवे सगळं उतरवून बाजूला ठेवत. वारा सुटण्याआधी धावून घेत. मग सगळं परत जोडून त्याच गाडीने घरी येत, कारण सोमवारी कामावर जायला तीच गाडी असे. अशा गाड्यांना तेव्हा 'गाऊ जॉब' म्हणत. 'हॉट रॉड' हे नाव युद्धानंतर रुळलं.

सुरुवातीला अनेक गाड्या एका रांगेत सोडत. पुढची गाडी धुळीचा लोट उठवायची आणि मागच्यांना काही दिसायचं नाही. माणसं मरायची. शेवटी १९३७ साली तिथल्या काही क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना उभी केली. नावातला महत्त्वाचा शब्द 'टायमिंग'. ही संघटना वेळ मोजायला जन्मली. गाड्यांचे वर्ग ठरले, धावण्याआधी तपासणी आली आणि हळूहळू एकेका गाडीने एकट्याने धावायचं, घड्याळाशी झुंजायचं ही रीत पक्की झाली.

वेग नोंदला गेला की चालकाला धातूची एक छोटी पट्टी मिळे. त्यावर नाव, तारीख आणि वेग. ती पट्टी गाडीच्या डॅशबोर्डवर ठोकायची. शहरात परतल्यावर कोणी फुशारकी मारू लागला तर समोरच्याने फक्त त्याच्या डॅशबोर्डकडे बघायचं. मला या सगळ्या इतिहासात ही पट्टी फार आवडते. तोंडाने केलेल्या दाव्याला तिने पुरावा मागितला. आमच्या धंद्यात एखादा म्हणतो, 'माझा कोड वेगवान आहे', तेव्हा आम्ही म्हणतो, 'बेंचमार्क दाखव'. तोच प्रकार.

व्हिक एडेलब्रॉक हा गॅरेज चालवणारा माणूस यातलाच. आपल्या १९३२च्या फोर्ड रोडस्टरसाठी त्याने स्वतः एक इनटेक मॅनिफोल्ड बनवला. नोव्हेंबर १९४१मध्ये रोझामंडच्या तळ्यावर त्याच गाडीने ताशी सुमारे १२१ मैल, म्हणजे १९५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला. इतर पोरांनी विचारलं, 'तसला मॅनिफोल्ड आम्हाला मिळेल का?' तिथून धंदा उभा राहिला. एडेलब्रॉक हे नाव आजही परफॉर्मन्स पार्टच्या खोक्यांवर असतं.

काही आठवड्यांत पर्ल हार्बर झालं आणि पोरं युद्धावर गेली. व्हेडा ऑर ही तळ्यावर स्वतः गाडी पळवलेली बाई मागे राहिली. तिने संघटनेचं बातमीपत्र युद्धकाळात चालू ठेवलं आणि ते परदेशी लढणाऱ्या सैनिकांना पाठवत राहिली. दूरच्या बेटावर बसलेला एखादा मेकॅनिक ते वाचून घरी गेल्यावर कुठलं इंजिन घ्यायचं याचे बेत करत असेल, असं मला नेहमी वाटतं.

विमानाच्या टाकीची गाडी

युद्धाने या पोरांचं दोन प्रकारे भलं केलं. एक म्हणजे लेथ, वेल्डिंग, अॅल्युमिनियमचं ओतकाम, मोजमापातली शिस्त हे सगळं सरकारी खर्चाने शिकवलं. दुसरं म्हणजे युद्ध संपल्यावर उत्तम दर्जाचं सामान भंगाराच्या भावात विकायला काढलं. लढाऊ विमानांना जादा इंधनासाठी पोटाखाली माशाच्या आकाराची एक टाकी लावत. बिल बर्क याने ती पाहिली होती. १९४६ साली त्याने तसली टाकी घेऊन तिच्यात इंजिन आणि सीट बसवली. हवा कापायला याहून चांगला आकार कुठल्या शहाण्याने काढला असता? पुढे अशा 'बेली टँक' गाड्यांची परंपराच सुरू झाली.

त्याच वर्षी सैन्यातून सुटलेल्या अॅलेक्स झिडियसने बरबँकमध्ये सो-कॅल स्पीड शॉप उघडलं. आर्मेनियन कुटुंबातला एड इस्केंडेरियन कॅमशाफ्ट घासून विकू लागला. स्टू हिलबॉर्नच्या गाडीने १९४८मध्ये तळ्यावर ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला, आणि पुढे त्याचं फ्यूएल इंजेक्शन रेसिंगच्या जगात सगळीकडे गेलं. जानेवारी १९४८मध्ये रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' मासिक काढलं, किंमत २५ सेंट. १९४९ला युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला 'स्पीड वीक' भरला. पुढच्याच वर्षी सो-कॅलच्या गाडीने तिथे ताशी २१० मैल, म्हणजे जवळपास ३३८ किलोमीटर वेग काढला. आणि तिच्यात इंजिन कुठलं? फोर्डच्याच घराण्यातलं फ्लॅटहेड.

दरम्यान म्युरॉकचं तळं लष्कराने घेतलं होतं. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगरने ध्वनीचा वेग ओलांडला तो याच तळावरून उड्डाण करून. आज त्याला एडवर्ड्स हवाई तळ म्हणतात. जिथे भंगारातल्या फोर्ड शंभर मैलांसाठी धापा टाकत होत्या, तिथेच १९८१ साली पहिलं स्पेस शटल उतरलं.

जागा द्यायची की काठी घालायची

आता या गोष्टीची काळी बाजू. तळी लांब होती आणि रस्ते दाराशी. युद्धानंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात रात्री शर्यती लागू लागल्या. सिग्नलवर दोन गाड्या उभ्या राहायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायच्या. यात फक्त हौशी पोरं मरली असती तर गोष्ट वेगळी होती. रस्त्यावर चालणारं, समोरून येणारं कोणीही त्यात सापडू शकत होतं. 'हॉट रॉडर' हा शब्द वर्तमानपत्रांत गुंडासारखा वापरला जाऊ लागला. लोकांचा राग खोटा नव्हता. हौस ज्याची त्याची असते, रस्ता मात्र सगळ्यांचा.

वॉली पार्क्स हा टायमिंग असोसिएशनचा जुना कार्यकर्ता आणि 'हॉट रॉड'चा संपादक. त्याचं म्हणणं साधं होतं: पोरं पळवणारच आहेत, तर पळवायला जागा द्या. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे देऊन शर्यत लावायची सोय झाली होतीच. १९५१मध्ये पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिची पहिली अधिकृत स्पर्धा १९५३ला पोमोनात झाली, आणि तिला स्थानिक पोलिसांनी विरोध न करता मदत केली. १९५४पासून संघटनेची काही माणसं गाडी आणि ट्रेलर घेऊन अमेरिकाभर फिरू लागली. गावोगावच्या पोरांना आणि पोलिसांना एकत्र बसवायचं, धावपट्टी कशी आखायची, गाडी कशी तपासायची, वेळ कशी मोजायची ते शिकवायचं. या फिरत्या पथकाचं नाव 'सेफ्टी सफारी'. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे अंतर ड्रॅग रेसिंगचं माप बनलं.

यातून रस्त्यावरच्या शर्यती संपल्या का? नाही. आजही संपलेल्या नाहीत. पण एक पर्याय तयार झाला, आणि त्या पर्यायातून शिस्त आली. १९५६ साली पीट स्नेल हा हौशी चालक अपघातात गेला. डोक्यावरचं हेल्मेट त्याला वाचवू शकलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या नावाने हेल्मेट तपासणारी संस्था निघाली. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या रायडरच्या हेल्मेटवर 'स्नेल'चं लेबल असेल, तर त्यामागे ही गोष्ट आहे.

मात्र जागा सगळ्यांना सारखी मिळाली नाही. त्याच लॉस एंजेलिसच्या आसपास मेक्सिकन वंशाची पोरं गाड्या वेगवान करण्याऐवजी जमिनीला टेकतील इतक्या खाली आणायची आणि हळूहळू मिरवायची. या 'लोरायडर'. कॅलिफोर्नियाने १९५८पासून नियम लागू केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. उत्तर म्हणून रॉन अगीरे याने १९५९मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली! हसू येतं, पण यातलं वैर पुढे अनेक दशकं चाललं. १९८०च्या दशकात शहरांना असं मिरवणंच बंद करण्याचे अधिकार मिळाले. हे दोन्ही निर्बंध उठले ते थेट १ जानेवारी २०२४ला. वेगाने मारणाऱ्यांना पंचवीस वर्षांच्या आत धावपट्टी मिळाली आणि हळू चालणाऱ्यांना पासष्टहून जास्त वर्षं वाट बघावी लागली. कुठलं मॉडिफिकेशन 'छंद' आणि कुठलं 'उपद्रव', हे ठरवताना गाडीइतकंच ती चालवणाऱ्याकडेही बघितलं जातं.

धूर आणि सॉफ्टवेअर

लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्याचं मूळ गाड्यांच्या धुरात आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवलं. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर इंजिनाशी मनमानी करणं हा केवळ आपला आणि आपल्या गाडीचा मामला राहिला नाही. कॅलिफोर्नियाने इथे एक चांगली वाट काढली. सुटा भाग बनवणाऱ्याने चाचणी देऊन सिद्ध करायचं, की याने प्रदूषण मर्यादेबाहेर जात नाही. सिद्ध झालं की त्या भागाला सरकारी क्रमांक मिळतो आणि तो लावणं कायदेशीर ठरतं. म्हणजे पुन्हा तीच धातूची पट्टी. दावा करा, मोजून घ्या, नोंद घ्या.

आज इंजिन उघडायला पान्ह्याआधी लॅपटॉप लागतो. ईसीयूमधला 'मॅप' म्हणजे मुळात एक तक्ता: एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला भार आणि प्रत्येक चौकटीत इंधन किती, ठिणगी कधी, टर्बोचा दाब किती याचे आकडे. ट्यूनर हे आकडे बदलतो. आपल्याकडच्या ट्यूनिंगवाल्यांची लाडकी, चाकणला बनलेली टर्बो पोलो अशीच बदलली जाते. ताकद वाढते, त्याबरोबर क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्यावरचा ताणही वाढतो. ब्रेकसाठी कोणी मॅप बनवलेला नाही. आणि सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा लबाड 'मॉड' कुठल्या गल्लीतल्या पोराने केला नव्हता. २०१५मध्ये उघड झालं, की खुद्द फोक्सवॅगन कंपनीने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखून धूर तेवढ्यापुरता कमी करणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. मोजणाराच फसवला गेला तर पट्टीला काय अर्थ?

आपल्याकडे

आपल्याकडेही युद्धाने धावपट्टी दिली होती. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिथे पन्नासच्या दशकापासून पुढे अनेक वर्षं शर्यती झाल्या. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊन 'फॉर्म्युला मारुती' ही स्वस्त रेसिंग कार बनवली. तिच्यातून शिकलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. स्वस्त इंजिन, मोकळी पट्टी आणि वेड असलेला माणूस. इथेही तेच तीन घटक.

कायदा मात्र आपण काठीचा निवडला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. सीएनजी किट किंवा अपंगांसाठी केलेले बदल यांना नियमाने वाट आहे. बाकी हौशीला नाही. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि जबाबदारीने बसवलेला चांगला ब्रेक यांच्यात फरक करणारी, मोजून परवानगी देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. मग दोन्ही करणारे लपून करतात, आणि लपून केलेलं काम तपासायला कोणी नसतं.

माझा मावसभाऊ कोल्हापुरात असतो. बावीस वर्षांचा. नुकतीच जुनी टर्बो हॅचबॅक घेतली आहे त्याने. मागच्या महिन्यात फोन आला, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला हैस न्हवं? मग मॅप तूच मारून दे की." मावशीला वाटतं मी त्याला दम भरावा. मी भरला नाही. चार वर्षांच्या मेकॅनिकलच्या डिग्रीत मी एकही इंजिन स्वतःच्या हाताने पूर्ण उघडलं नाही. हा पोरगा यूट्यूब बघून टर्बोचं काम समजून घेतो आहे. ती भूक मारून टाकायला माझी जीभ वळेना. पण घाटात रात्री तो 'किती काढते' हे बघणार असेल, तर त्या वळणावर समोरून दुधाची गाडी येणार आहे, हेही मला दिसतं.

म्हणून मी त्याला मॅप मारून दिला नाही, कलम ५२ समजावलं आणि हेही सांगितलं, की विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारायचं कारण ठरू शकतो. मग म्हटलं, आहे तशी गाडी घेऊन ये. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, पुढच्या वेळी नाव घालू. हेल्मेट मी घेतो. कंपनीने दिलेली गाडी तुझ्या हातात किती काढते, ते आधी मोजून घेऊ.

तो म्हणाला, "तितं स्लिप देतात न्हवं, टायमिंगची?"

देतात, म्हटलं. तारखेसकट.